चार्ट, पेन्सिल आणि खोडरबर : साताऱ्यातल्या एका बुकिंग ऑफिसची गोष्ट

वाढेफाटा

मंडळी, परवा ऑफिसचा माळा आवरताना दोरीनं बांधलेला एक गठ्ठा खाली पडला. धूळ झटकली तर मुंबई गाडीचे चार्ट निघाले, १९९६-९७ सालचे. पोरगं म्हणालं, "रद्दीत घाला की." घातले नाहीत. रात्री चष्मा लावून एकेक बघत बसलो आणि हा धागा काढावासा वाटला.

माझं सातारा स्टँडजवळ ट्रॅव्हल्सचं बुकिंग ऑफिस आहे. ऑफिस कसलं, दहा बाय आठचा गाळा. १९९४ ला सुरू केलं तेव्हा भांडवल म्हणजे एक टेबल, एक एसटीडीची लाइन, तिकिटांची पुस्तकं आणि शिसपेन्सिल. पेनानं चार्ट लिहायचा नाही हा पहिला धडा. सीट रात्री साडेनऊपर्यंत दहादा बदलते, त्यामुळं खोडरबर पेन्सिलीपेक्षा लवकर झिजतो.

आमची मुख्य गाडी ढेबेवाडीहून निघायची, कराड, उंब्रज, सातारा करत पहाटे मुंबईत. टू बाय टू, नऊ ओळी चौकड्या आणि मागं पाच, म्हणजे ४१ सीट. त्यांची वाटणी ठरलेली. ढेबेवाडीला १०, कराडला १२, उंब्रजला ५ आणि मला १४. याला कोटा म्हणायचे. माझ्या चौदा सीट मी विकायच्या, दुसऱ्याच्या सीटचं मला काही कळायचं नाही. संध्याकाळी सहाला फोनाफोनी. कराडवाला म्हणायचा, "तीन सोडल्या, ११, १२, २३." मी लिहून घ्यायचो. उंब्रजवाल्याचा फोन लागला तर लागला. एसटीडी रात्री अकरानंतर पाव दरात, पण आमची गाडी साडेनऊची, त्यामुळं आम्हाला कायम महागाच फोन.

यात मजा अशी व्हायची की मी काउंटरवरून चार माणसं परत पाठवलेली असायची, आणि गाडी आली की आत पाच सीट रिकाम्या. उंब्रजवाल्यानं विकल्या नाहीत आणि सोडल्याही नाहीत. मालकाचं नुकसान, माझं कमिशन गेलं, आणि ती चार माणसं कुठंतरी ट्रकला हात करत उभी.

उलटंही व्हायचं, आणि ते वाईट. डबल सीट. एक प्रसंग अजून डोळ्यांपुढं आहे. सात नंबरवर एक म्हातारी बसलेली, मांडीवर नारळाचं पोतं, पोतं खाली ठेवायला तयार नाही. तिचं तिकीट कराडचं. आणि माझ्याकडचा एक पोरगा, नेव्ही नगरला नोकरीवर हजर व्हायचं म्हणून निघालेला, त्याचंही तिकीट सात नंबरचं. कराडवाल्यानं १७ सोडली होती, मी ७ ऐकली. फोनवर "सतरा" आणि "सात", खरखरीत काय वेगळं ऐकू येणार? सतरा नंबर मग उंब्रजवाल्यानं आधीच देऊन टाकला होता. पोरगा भांडला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवला, पैसे परत दिले, वर चहाला दहा रुपये. मुंबईपर्यंत इंजिनच्या गरम पत्र्यावर बसून गेला तो.

पण त्या चार्टमध्ये आणखी एक गोष्ट होती, जी आता कुठल्याच स्क्रीनवर नाही. माझ्या कोट्यात ३ आणि ४ होत्या. रविवारच्या रात्री त्या मी कधीही लवकर विकल्या नाहीत. सोमवारी सकाळी टाटाला किंवा केईएमला नंबर लावायला जाणारं कोणी ना कोणी यायचंच. ते सहाला यायचं, आठला यायचं, पण यायचं. एकटी बाई असेल तर तिच्या शेजारी बाईच. उलटी होणाऱ्याला खिडकी. पोटुशी असेल तर मागच्या चाकावरची सीट नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणी विचारायचंही नाही. चार्टवर मी नावापुढं बारीक खुणा करायचो. परवाच्या गठ्ठ्यात एका नावापुढं मी "डोस" लिहिलंय. बाकी काही आठवत नाही, त्या माणसाचा चेहराही नाही.

साधारण २००९ च्या सुमारास मालकाचा मुलगा मुंबईहून आला, पँटच्या खिशातून एक चिठ्ठी काढली, त्यावर युजर आयडी आणि पासवर्ड. म्हणाला, "काका, आता कोटा नाही. सगळ्या ४१ सीट सगळ्यांना दिसणार. जो आधी दाबेल त्याची." मी त्याला विचारलं, "आणि तीन-चार?" त्याला प्रश्नच कळला नाही.

पहिले सहा महिने मी कॉम्प्युटरवर बुकिंग करून परत कागदावर चार्ट मांडायचो. विश्वास बसेना. डबल सीट मात्र त्या दिवसापासून बंद झाली, हे कबूल केलं पाहिजे. रिकाम्या सीटही बंद झाल्या. धंदा वाढला. दोन-तीन वर्षं तर मी म्हणत होतो की नेटसारखं देवमाणूस नाही. माझ्याकडं आता एकाच गाडीचं नाही, बेळगाव, बेंगळुरू, नागपूर, कुठलंही तिकीट निघायला लागलं.

मग लोकांच्या हातात तोच चार्ट गेला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या, आणि दोन वर्षांत माझं काउंटर ओस पडलं. दिवसाला पंचवीस-तीस तिकिटं फाडणारा मी आज काउंटरवर दोन-तीन फाडतो. तीही म्हातारी माणसं, नाहीतर ज्याचा मोबाईल चार्जिंगला दुसरीकडं राहिलाय असा कोणी.

आता कशावर जगतो? ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, गिऱ्हाईक आलंय. (पार्सल आहे.)

निवांत_नाना

मस्त धागा. "सात आणि सतरा" वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. लवकर टाका पुढचं. हल्ली लोक अर्धवट धागे काढून वर्षानुवर्षं गायब होतात, तसं करू नका.

विट्याची_लेक

आमच्याकडं हीच गोष्ट रेल्वेची. आम्ही खानापूर तालुक्यातले, घरात गलाईचा धंदा. माहीत नसलेल्यांसाठी : सोनंचांदी गाळायचं काम. विटा-आटपाडी भागातली माणसं त्यासाठी देशभर पसरलीत. माझे दोन काका तमिळनाडूत. दिवाळीला आणि गावच्या यात्रेला सगळे येणार, आणि परतीचं तिकीट काढायची जबाबदारी माझ्या वडिलांची.

वडील पहाटे विट्याहून निघून मिरजेच्या रिझर्व्हेशन खिडकीला उभे राहायचे. तत्काळ तेव्हा सकाळी आठला उघडायचं, दहाची वेळ २०१२ च्या जुलैपासून आली. सहाला पोचलं तरी पुढं वीस माणसं. फॉर्म भरून हातात, त्यावर सगळ्यांची वयं. मोठ्या काकांचं वय वडिलांना कधीच नक्की माहीत नव्हतं, त्यामुळं दरवर्षी ते दोन वर्षांनी पुढंमागं व्हायचे.

२००२ च्या ऑगस्टमध्ये आयआरसीटीसीचं ऑनलाइन तिकीट सुरू झालं. पण तेव्हाचं ऑनलाइन म्हणजे काय, तर पैसे नेटवर भरायचे आणि छापील तिकीट कुरियरनं घरी यायचं. आमच्या घरी असं पहिलं तिकीट आलं तेव्हा आजीनं त्याला हळदकुंकू लावलं होतं. खरंच. ई-तिकीट २००५ ला आलं, मग कुरियर गेलं.

आता काकांची पोरं चेन्नईत बसून स्वतःच काढतात. वडिलांना कुणी विचारत नाही. मिरजेला जायचा त्रास वाचला, पण दिवाळीच्या आधी पंधरा दिवस त्यांना जी किंमत असायची, सगळ्या भावांचे फोन यायचे, ते थांबलं. ते बोलत नाहीत, पण रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० वर आलं (नोव्हेंबर २०२४) ही बातमी त्यांनीच मला सांगितली. अजून लक्ष असतं त्यांचं.

चौथी_सीट

धागा छान आहे पण मला एवढं गहिवरून येत नाहीये, माफ करा.

मी कोपरखैरण्याची. वडील माथाडी, गाव ढेबेवाडीच्या वर. म्हणजे काकांच्या त्याच गाडीचे आम्ही प्रवासी, कदाचित. आम्हाला बुकिंग ऑफिस कसं आठवतं सांगू? मे महिन्यात यात्रेहून परत मुंबईला यायचं असायचं. वडील विचारायला जायचे, "सीट?" "फुल्ल आहे." मग तिथंच घुटमळायचं. अर्ध्या तासानं एक माणूस बाजूला घेऊन म्हणायचा, "दोन होतील, पण एवढे पडतील." दीडपट, दुप्पट. गणपतीत तर विचारूच नका. वडिलांनी एकदा आईच्या कानातले मोडून आलेल्या पैशातले परतीच्या तिकिटाला घातले, हे मला मोठेपणी कळलं.

त्यामुळं मला मोबाईलवर हिरव्या-गुलाबी सीट दिसायला लागल्या तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. कुणाची मर्जी नको. रिकामी आहे तर दिसते, भाव आहे तो लिहिलेला आहे. बाईच्या शेजारी बाई हेही सॉफ्टवेअर करतंच की. शेजारची सीट गुलाबी होते.

३-४ नंबरची गोष्ट चांगली आहे. पण जो तुमच्या ओळखीचा त्याला ३-४, आणि आम्हाला मागची पाचाची ओळ, असंही होत असणार ना?

वाढेफाटा

चौथी_सीट, तुमचं खरं आहे. गोल गोल बोलत नाही. सीझनला "वरचे" घेतले जायचे. मालक सांगायचा तेवढे, आणि काही ठिकाणी एजंट स्वतःचे. मीही घेतलेत. एका मे महिन्यात, माझ्या घराचं स्लॅबचं काम चालू होतं, तेव्हा घेतले. नाही म्हणालो तर खोटं होईल.

आणि ओळखीचा मुद्दा. हो, ज्याचं तोंड ओळखीचं त्याला पुढची सीट. नवख्याला मागची. आता मी ते विसरलो होतो, तुम्ही आठवण करून दिलीत.

फक्त एक. आता भाव लिहिलेला असतो, पण तो सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. आणि त्याच पुढच्या सीट ज्या मी पेशंटला ठेवायचो, त्या आता पुढच्या आहेत म्हणून पन्नास-शंभरनं महाग दिसतात. मशीनला तो माणूस पुढं का बसतोय हे माहीत नाही, त्याला पुढची सीट हवीय एवढंच कळतं.

चाकं_फिरवतो

मी गाडीमालक आहे, दोन गाड्या, बँकेच्या आणि माझ्या. थोडं आमच्या बाजूनं.

कोट्याचा घोळ हा फक्त साताऱ्याचा नव्हता. रेडबस सुरू झाली ती २००६ ला बेंगळुरूत, आणि ती सुरू व्हायचं कारणच हे. फणींद्र सामा नावाच्या इंजिनिअरला दिवाळीला हैदराबादला जायला तिकीट मिळालं नाही. एजंटाकडून एजंटाकडं फिरला. तेव्हा लक्षात आलं की कुठल्याच एजंटाला अख्ख्या गाडीचं चित्र माहीत नाही, प्रत्येकाला आपापल्या चार-सहा सीट. म्हणजे काकांनी जे उंब्रजवाल्याचं लिहिलं तेच. गाडीत सीट असेल, पण ती कुणाच्या वहीत आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

मालकाला फायदा झाला का? झाला. मंगळवार-बुधवारी माझी गाडी अर्धी जायची, आता भाव पाडला की भरते. पण हिशेब बदलला. पूर्वी एजंट रात्रीच रोख द्यायचा, डिझेल त्यातच. आता पैसे टक्केवारी कापून, काही दिवसांनी खात्यात. आणि मुख्य म्हणजे तारे. माझ्या एका गाडीला एका पोरानं एक तारा दिला, कारण काय, तर चार्जिंग पॉइंट चालत नव्हता. गाडी वेळेत, ड्रायव्हर नीट, ब्लँकेट धुतलेलं. एका ताऱ्यानं पुढचा आठवडा बुकिंग खाली. तेव्हापासून ड्रायव्हर सुटायच्या आधी टायर बघायच्या आधी चार्जिंगची बटणं बघतो. हसायचं की रडायचं?

आणि भाड्याबाबत. सरकारनं २०१८ मध्ये ठरवून दिलंय की खासगी बसचं भाडं त्याच मार्गावरच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. पाळतं कोण यावर वेगळा धागा काढा, मी त्यात येणार नाही.

लालपरी_प्रेमी

खासगीवाल्यांच्या धाग्यात एसटीचं एक वाक्य. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी धावली, तेव्हापासून आमचं तिकीट ऑन द स्पॉट. सातारा-स्वारगेट विनावाहक गाडीला स्टँडवरच्या खिडकीत तिकीट घ्या, गाडी भरली की सुटली. सीट नंबर नाही, ॲप नाही, तारा नाही. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढं तर २०२२ च्या ऑगस्टपासूनच फुकट. आमच्या आईला आता माहेरी जायला निमित्त लागत नाही.

(ऑनलाइन आरक्षण एसटीचंही आहे, माहीत आहे. पण मजा रांगेतच.)

शिवसागर_काठ

मी बामणोलीकडचा. आमचा होमस्टे आहे, चार खोल्या, खाली पाणी, मागं डोंगर. काकांची "डबल सीट" वाचून म्हणालो, हे तर माझंच.

आधी कसं होतं? पुण्याचा एखादा ग्रुप वासोट्याला यायचा, बोटीनं पलीकडं जायच्या आधी आमच्याकडं जेवायचा. जाताना नंबर घ्यायचा. पुढच्या वर्षी त्याचा मित्र फोन करायचा. बायको वहीत लिहायची, "शनिवार, सहा जण, दोन शाकाहारी, तांदळाची भाकरी पाहिजे". वही फ्रिजवर.

मग पोरानं दोन मोठ्या साइटवर खोल्या टाकल्या. २०१२ मध्ये कास युनेस्कोच्या यादीत आल्यापासून सप्टेंबरात झुंबड होतीच. आता बुकिंग झोपेत पडायला लागली. टक्केवारी पंधरापासून पंचवीसपर्यंत जाते, पण खोल्या भरतात म्हणून चालवून घेतलं.

पण आमच्याकडं रेंजचा प्रश्न. पाऊस लागला, लाइट गेली, की फोन मुका. एका सप्टेंबरच्या शनिवारी एका साइटवर शेवटची खोली गेली, आणि ती दुसऱ्या साइटवर बंद करायला पोराला नेट मिळेना. तो मोबाईल हातात धरून वरच्या टेकाडावर चढत होता, तेवढ्यात दुसरीकडून कुणीतरी तीच खोली घेतली. रात्री नऊला, धो धो पावसात, दोन गाड्या दारात. दोघांकडं कन्फर्म लिहिलेलं. एका गाडीत तान्हं बाळ.

बाळवाल्यांना खोली दिली, दुसऱ्यांना आमची झोपायची खोली दिली, आम्ही चौघं स्वयंपाकघरात. सकाळी बायकोनं त्यांना नाचणीची भाकरी आणि पिठलं खाऊ घातलं. तरी त्यांनी तक्रार लिहिलीच, आणि बरोबरच लिहिली. आता दोन्ही कॅलेंडर आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर घेतलंय. महिन्याला पैसे. वही मात्र फ्रिजवर आहेच, कारण कुणाला तांदळाची भाकरी पाहिजे ते सॉफ्टवेअरमध्ये लिहायला जागा नाही.

निवांत_नाना

बाळवाल्यांना खोली दिलीत त्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून पाच तारे.

बंदिस्त_कोड

मी अशाच एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो (कुठली ते नाही सांगत). काकांचा "तीन-चार?" हा प्रश्न मी आज टीममध्ये विचारला. उत्तर आलं, "सीट ब्लॉक करायची सोय आहे ऑपरेटरला, वापरत नाहीत." खरं आहे. सोय आहे. पण रविवारी रात्री आठपर्यंत दोन सीट रिकाम्या ठेवायचं धाडस पगारी मॅनेजर करणार नाही, कारण रिकाम्या गेल्या तर त्याच्या नावावर. काकांच्या गेल्या तर काकांच्याच खिशातून. तेव्हा दोष नेटचा म्हणायचा की कुणाचा, मला ठरवता येत नाहीये.

वाढेफाटा

बंदिस्त_कोड, बरोबर बोललात. वर्षातून पाच-सहा वेळा ३-४ रिकाम्याच गेल्या आणि कमिशन बुडालं. बायको म्हणायची, धर्मशाळा काढा.

आता राहिलेलं लिहितो. मी सध्या कशावर जगतो.

एक, पार्सल. हे अजून कुणी नीट हिसकावलेलं नाही. आईनं पुण्यात शिकणाऱ्या पोराला दिलेला डबा, कंदी पेढे, औषधं, मिक्सरचं भांडं, एकदा तर देवघरातला गणपती. रात्री ठेवा, सकाळी उतरवून घ्या. कागदाची चिठ्ठी, त्यावर दोन्हीकडचे नंबर, बस.

दोन, अख्ख्या गाड्या. लग्न, सहल, आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रा. मुंबईकर मंडळी वाडीच्या नावानं गाडी करतात. यात अजून फोनवर बोलणंच लागतं, कारण गाडी किती वाजता निघणार हे पंचेचाळीस माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच ठरत नाही.

तीन, आणि हे माझं मुख्य काम झालंय : लोकांना गाडीत बसवणं. बेंगळुरू, बेळगाव, गोव्याकडच्या गाड्या गावात येत नाहीत, हायवेवरून जातात. तिकिटावर लिहिलेलं असतं, "बॉम्बे रेस्टॉरंट चौक, २३:१५". मालकांनी मला महिन्याच्या बोलीवर ठेवलंय. संध्याकाळी मोबाईलवर यादी येते, मी ती वहीत उतरवतो आणि रात्री दहापासून पुलाजवळ उभा राहतो.

गेल्याच आठवड्यातलं सांगतो. अकराला फोन. "काका, मी पिनवर उभी आहे, बस कुठाय?" आवाजावरून बावीस-तेवीसची पोरगी, बेंगळुरूची पहिली नोकरी. विचारलं, समोर काय दिसतंय? म्हणाली, पूल. अगं, पूल तर मलाही दिसतोय. मागं काय? मागं चहाची टपरी, बंद. टपरीवर निळा कागद? हो. म्हणजे ती पुण्याच्या बाजूला उभी. तिची गाडी कोल्हापूरकडं जाणार, म्हणजे पलीकडचा सर्व्हिस रोड. नकाशातली पिन बरोबर चौकातच होती, पण चौकाला चार कोपरे आणि वर पूल, पिनला बाजू नसते. गाडी लिंबखिंडीत आलेली. तिला म्हटलं, हायवे ओलांडायचा नाही, पुलाखालून ये, बॅग मोठी आहे का? दोन आहेत. मग मीच गेलो. एक बॅग मी, एक तिनं, पुलाखालून धावत. ड्रायव्हरला फोनवर धरून ठेवला होता, शिव्या घालत होता तो. बसली. खिडकीतून "थँक्यू काका" म्हणाली.

तिकीट तिनं कुठून काढलं मला माहीत नाही, त्यात माझा एक रुपया नव्हता. पण मी नसतो तर त्या रात्री ती पुलाखाली एकटी. कंपनीचा मदत क्रमांक तिनं आधी लावला होता म्हणे, तिथं कुणीतरी इंग्रजीत सांगितलं की तुमची बस वेळेवर आहे. ते खरंही होतं.

विट्याची_लेक

"पिनला बाजू नसते" हे जपून ठेवतेय.

चाकं_फिरवतो

काका, ते पुलाखालचे ड्रायव्हर शिव्या देणारच. हायवेवर मोठी गाडी दोन मिनिटं जास्त थांबली की मागून लाइट मारतात. आणि परवाना कंत्राटी, वाटेत टप्पे घ्यायचे नाहीत असा नियम, म्हणून तर तो जीव मुठीत धरून थांबतो. नेटवर टप्पा आरामात लिहिला जातो, रस्त्यावर तो ड्रायव्हरच्या अंगावर येतो.

अवांतर_राव

अवांतर : पार्सलनं पेढे पाठवताना डबा आडवा ठेवू नका. बाकी चालू द्या.

चौथी_सीट

काका, मघाशी जरा जास्तच बोलले असेन. पण कानातल्यांचं मनात राहिलेलं. तुम्ही स्लॅबचं प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून आता वेगळं विचारते.

यंदा चैत्रात आमच्या वाडीची यात्रा आहे. दरवर्षी सगळे ॲपवर वेगवेगळ्या गाड्यांत तिकिटं काढतात, मग कराडला पहाटे तीनला एकेक जण उतरतो आणि वरती जायला वडाप (शेअर जीप) शोधत बसतो. यंदा अख्खी गाडी करायची ठरतंय. कोपरखैरणे ते ढेबेवाडी, जाऊन-येऊन, साधारण चाळीस माणसं. होईल का?

वाढेफाटा

होईल की. नंबर इथं टाकू नका, व्यनि (खासगी निरोप) करा. तारीख, निघायची जागा आणि परत कधी ते लिहा. ढेबेवाडीच्या वर रस्ता अरुंद असेल तर मोठी स्लीपर जाणार नाही, सीटरच घेऊ. रेट उद्या मालकाला विचारून सांगतो, वरचे नाहीत.

ॲडव्हान्स मात्र पाच हजार लागेल, यूपीआय चालेल. शब्दावर गाडी सोडायचे दिवस माझेही गेले.

चौथी_सीट

व्यनि केलाय. ॲडव्हान्स आज रात्री पाठवते. एक विनंती, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पहिल्या दोन सीट आईबाबांना ठेवाल का?

वाढेफाटा

१-२ नको. दारातून वारा लागतो आणि पाय पसरायला पुढं पत्रा आहे. ३-४ देतो.